माझदा आरएक्स-७ एफडी: व्हॅक्यूम होज बदलताना कोणती नळी कुठून, कुठे आणि कशासाठी

एफडी पिढीच्या आरएक्स-७ चे अप्पर इनटेक मॅनिफोल्ड उचलले की खाली काळ्या नळ्यांची गुंतवळ दिसते. मोजायला बसलात तर साठ-सत्तरच्या घरात जाते. ही गाडी १९९१ ते २००२ या काळात बनली, म्हणजे अगदी शेवटच्या गाडीतल्या मूळ नळ्यांचेही वय वीस वर्षांच्या पुढे गेले आहे. त्यांच्या शेजारी दोन टर्बो आणि रोटरी इंजिनाचा प्रचंड तापलेला एक्झॉस्ट. या उष्णतेने रबर आधी ताठर होते, मग काडीसारखे कडकन मोडते. हात लावल्यावरच मोडणारी नळी त्याआधी कित्येक महिने निपलवरून (नळी चढते त्या छोट्या टोकावरून) हवा सोडत असते.

एकापाठोपाठ एक सत्तर नळ्या बदलणे अवघड नाही. अवघड असते ते चुकीच्या जागी गेलेली एक नळी नंतर शोधणे, कारण तोवर सगळे मॅनिफोल्ड पुन्हा चढलेले असते. म्हणून हात घालण्याआधी ही व्यवस्था काय करते ते डोक्यात बसले पाहिजे.

नळ्या नेमके काय काम करतात

१३बी-आरईडब्ल्यू इंजिनाचे दोन टर्बो क्रमाने चालतात. खालच्या आरपीएमला सगळा एक्झॉस्ट पहिल्या टर्बोकडे जातो, म्हणून बूस्ट, म्हणजे टर्बोने ढकललेल्या हवेचा जादा दाब, लवकर मिळतो. साधारण ४५०० आरपीएमला दुसरा टर्बो कामाला लागतो. मूळ स्थितीतल्या निरोगी गाडीत बूस्ट १०-८-१० पीएसआय असा चालतो: पहिल्या टर्बोवर १०, बदलाच्या क्षणी ८ पर्यंत उतार, मग दोन्हींवर पुन्हा १०. बारमध्ये म्हणाल तर ०.७, ०.५५ आणि पुन्हा ०.७.

हा बदल पाच झडपा मिळून घडवतात. टर्बो कंट्रोल झडप दुसऱ्या टर्बोकडे एक्झॉस्टची वाट उघडते. प्री-कंट्रोल त्याआधीच थोडा एक्झॉस्ट तिकडे सोडून दुसऱ्या टर्बोला फिरते ठेवते आणि पहिल्याचा बूस्टही आवरते. चार्ज रिलीफ झडप तोवर दुसऱ्या टर्बोने दाबलेली हवा परत इनटेककडे वळवते. चार्ज कंट्रोल झडप दुसऱ्या टर्बोचा मार्ग बंद ठेवते, म्हणजे पहिल्याचा दाब उलटा तिकडे पळत नाही. वेस्टगेट दोन्ही टर्बो चालू झाल्यावरचा बूस्ट सांभाळते. या सगळ्यांना हलवणारे डायफ्रॅम (ॲक्च्युएटर) सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपांच्या, हुकमावर चालतात आणि हुकूम पोचवतात त्या या नळ्या.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, निम्म्या बिघाडांचे मूळ तिच्यात आहे. चार्ज कंट्रोल झडप व्हॅक्यूमने बंद राहते. पण ती बंद असायला हवी नेमकी तेव्हा, म्हणजे पहिला टर्बो बूस्ट देत असताना, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतोच, दाब असतो. मग व्हॅक्यूम आणायचा कुठून? त्यासाठी एक छोटी टाकी आहे. इंजिन हलक्या भारावर असताना ती रिकामी ओढली जाते आणि चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) तो व्हॅक्यूम धरून ठेवतो. तशीच दुसरी टाकी दाबाची. व्हॅक्यूमच्या टाकीला जोडलेल्या कुठल्याही नळीत केसाएवढी चीर असली तरी साठा गळतो, झडप अर्धवट उघडते आणि पहिल्या टर्बोचा बूस्ट सहा-सात पीएसआयच्या वर चढत नाही. अशा वेळी लोक टर्बो बदलायला निघतात. आधी नळ्या बघा.

सामान

बहुतेक नळ्या लहान मापाच्या आहेत. सिलिकॉन होज ४ मिमी आतल्या व्यासाची १५ मीटर आणि ६ मिमीची ३ मीटर घेतलीत तर कमी पडणार नाही. विकत घेण्याआधी दोन-चार निपल व्हर्नियरने मोजा. होजचा आतला व्यास निपलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा अर्धा ते एक मिमी कमी हवा. भिंतीची जाडी किमान २ मिमी, कारण पातळ भिंतीची नळी गरम झाली की वळणावर चपटी होते आणि व्हॅक्यूम अडतो.

सिलिकॉन साधारण १८० अंश सेल्सिअस सहज सोसते, पण पेट्रोल आणि तेल त्याला मानवत नाही. ते फुगते, मऊ पडते, शिवाय पेट्रोलची वाफ त्याच्या भिंतीतून झिरपते. म्हणून पर्ज कंट्रोलची (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनाकडे नेणारी) नळी, इंधनाच्या वाफेशी संबंध येणारी कुठलीही नळी आणि तेलाची वाफ वाहणारी नळी यांसाठी इंधनाला टिकणारा रबर होजच घ्या. सगळे एकाच रंगाच्या सिलिकॉनने सजवण्याच्या नादात ही चूक हमखास होते.

शक्य असेल तर सिलिकॉन दोन रंगांत घ्या: दाबाला एक, व्हॅक्यूमला दुसरा. चार वर्षांनी पुन्हा उघडाल तेव्हा हा खर्च वसूल होईल.

याशिवाय अप्पर इनटेकचे नवे गास्केट, नवे चेक व्हॉल्व्ह, छोटे स्प्रिंग क्लॅम्प किंवा अरुंद केबल टाय, मास्किंग टेप, बारीक टोकाचा मार्कर, लांब वाकड्या टोकाचा पक्कड, धारदार ब्लेड, आरसा, टॉर्च, हाताचा व्हॅक्यूम पंप आणि १२ व्होल्टची बॅटरी व दोन वायर लागतील. तुमच्या गाडीच्या नेमक्या वर्षाचा आणि बाजारपेठेचा व्हॅक्यूम डायग्राम कारखान्याच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून छापून घ्या. जपानी आणि अमेरिकन गाड्यांत उत्सर्जनाच्या नळ्यांमध्ये फरक आहे, वेगवेगळ्या वर्षांतही आहे. दुसऱ्याच्या गाडीचा डायग्राम समोर ठेवून काम केलेत तर नसलेली नळी शोधत बसाल.

पहिल्यांदा करत असाल तर सलग दोन दिवस हाताशी ठेवा. रात्री दमून उरकलेले काम इथे नक्की फसते.

उघडताना

इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढा. इंधनाची लाइन उघडणार असाल तर त्याआधी फ्युएल पंप बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. जागा हवेशीर असू द्या.

इंटरकूलरकडून येणारा पाइप आणि थ्रॉटलचा एल्बो सोडवा, थ्रॉटल केबल काढा. थ्रॉटल बॉडीला कूलंटच्या बारीक नळ्या येतात. त्या सुटताना थोडे कूलंट सांडते, खाली फडके ठेवा. मग अप्पर इनटेक मॅनिफोल्डचे नट-बोल्ट काढून ते सरळ वर उचला. अडकले तर जोर लावू नका. बहुधा मागच्या बाजूची एखादी नळी किंवा प्लग अजून जोडलेला असतो. आरशात पाहा.

मॅनिफोल्ड उचलल्याबरोबर, दुसरे काहीही करण्याआधी, खालच्या मॅनिफोल्डची तोंडे टेपने पक्की बंद करा. नुसते फडके कोंबणे पुरत नाही. एखादा लहान नट किंवा तुटलेल्या निपलचा तुकडा त्या तोंडातून आत गेला तर तो थेट रोटरपर्यंत जातो, आणि तो काढायचा म्हणजे इंजिन उतरवणे आले.

आता फोटो काढा. वरून, दोन्ही बाजूंनी, फायरवॉलकडून. प्रत्येक सोलेनॉइडचा प्लग आणि त्याची जागा यांवर एकच क्रमांक टेपने लावा. हे प्लग दिसायला एकसारखे असतात आणि एकमेकांच्या जागी सहज बसतात. नळ्या शंभर टक्के बरोबर आणि दोन प्लग उलटसुलट, अशी गाडीही नळ्या चुकल्यासारखीच वागते. प्लगच्या प्लास्टिकच्या कड्या ठिसूळ झालेल्या असतात, म्हणून खटका पूर्ण दाबल्याशिवाय ओढू नका.

जुनी नळी काढण्याची पद्धत

ओढू नका. निपल प्लास्टिकचे आहेत आणि नळीइतकेच म्हातारे झाले आहेत. नळी बोटांनी गोल फिरली तर फिरवून काढा. फिरत नसेल तर निपलच्या टोकाच्या पुढे नळी आडवी कापा आणि निपलवर उरलेल्या तुकड्याला लांबीच्या दिशेने हलका छेद द्या. ब्लेड भिंतीच्या तीन चतुर्थांश जाडीपर्यंतच जाऊ द्या, बाकी नखाने फाडा. ब्लेड निपलपर्यंत गेले तर त्यावर लांब ओरखडा उठतो आणि त्या ओरखड्यातून नवी नळीही हवा सोडते. डोळ्याला तो दिसत नाही. नख फिरवले की लागतो.

नियम एकच: एक नळी काढा, तिच्याच लांबीची नवी कापा, दोन्ही टोकांना लावा, डायग्रामवर तिच्यावर खूण करा, मग पुढची. सगळ्या नळ्या एकदम उपटून टेबलावर ढीग केलात की डायग्राम हाताशी असूनही दिवस वाया जातो. जिथे सोलेनॉइडचा रॅक बाहेर काढावाच लागतो तिथे दोन्ही टोकांना एकाच क्रमांकाची टेप लावल्याशिवाय नळी सोडू नका.

आणि काढलेली प्रत्येक जुनी नळी फेकण्याआधी बोटांमध्ये दाबून बघा. प्री-कंट्रोल आणि वेस्टगेट यांच्या नळ्यांपैकी ज्या कॉम्प्रेसरकडून (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूकडून) ॲक्च्युएटरकडे दाब आणतात, त्यांच्या आत पितळेची एक बारीक गोळी बसवलेली असते. मध्ये टाचणीएवढे भोक. हीच रिस्ट्रिक्टर पिल. बाहेरून काही दिसत नाही, दाबल्यावर फक्त एक कडक गाठ लागते. नळीबरोबर ही गोळी कचऱ्यात जाते आणि मालक पुढचे सहा महिने बूस्ट का कमी आहे याचा शोध घेत राहतो.

कारण साधे आहे. ॲक्च्युएटरकडे दाब या गोळीतून थोडा थोडा येतो आणि दुसऱ्या नळीने सोलेनॉइड त्यातला काही सोडून देते. या दोन्हींच्या तोलावर बूस्ट ठरतो. गोळी नसेल तर दाब इतका भरभरून येतो की सोलेनॉइडला तो सोडवत नाही. गेट, म्हणजे त्या ॲक्च्युएटरची एक्झॉस्टमधली झडप, लवकर उघडते, बूस्ट पडतो. गोळी चुकून सोलेनॉइडच्या बाजूच्या नळीत गेली तरी तेच होते, कारण आता सोडण्याची वाट अरुंद झाली. गोळीचे भोक काजळीने बुजले असेल तर मात्र उलटे: ॲक्च्युएटरला दाबच पोचत नाही, गेट बंद राहते आणि बूस्ट वाट्टेल तिथपर्यंत चढतो. म्हणून जुन्या नळीतून गोळी काढा, क्लीनरने धुवा, उजेडासमोर धरून आरपार दिसते याची खात्री करा आणि नव्या नळीत त्याच जागी सरकवा. भोक मोठे करू नका.

नवी नळी बसवताना

निपलवर नळी किमान १० मिमी चढली पाहिजे. जात नसेल तर साबणाचे पाणी लावा, तेल किंवा ग्रीस नको. कोरडी नळी जोर लावून ढकलताना निपल मोडतो.

लांबी जुन्या नळीपेक्षा पाच-सहा मिमी जास्त ठेवा. नव्या सिलिकॉनला जुन्या रबराचा आकार लागलेला नसतो, म्हणून घट्ट वळणावर ती दुमडते. वळण फारच जवळचे असेल तर नळी लांबून फिरवून आणा किंवा तिथे तयार वळणाची मूळ नळीच वापरा. टर्बोच्या बाजूने जाणाऱ्या नळ्या एक्झॉस्टच्या हाउसिंगपासून दूर बांधा आणि त्यांवर उष्णतारोधक स्लीव्ह चढवा. इंजिन हलल्यावर नळी कुठल्या ब्रॅकेटच्या धारेवर घासणार नाही ना, हेही आत्ताच पाहा.

दाब वाहणाऱ्या प्रत्येक टोकाला क्लॅम्प लावा. फक्त व्हॅक्यूमच्या नळ्या स्वतःच निपलला चिकटतात, त्यांना नसला तरी चालतो. केबल टाय वापरत असाल तर अरुंद घ्या, रुंद टाय गोल बसत नाही आणि कुलपाच्या जागी फट ठेवतो.

मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सरची नळी स्वतंत्र निपलवरून थेट न्या. या गाडीत हवा मोजणारे मीटर नाही. किती पेट्रोल द्यायचे हे ईसीयू (इंजिनाचा संगणक) याच सेन्सरच्या दाबावरून ठरवतो. त्या नळीत टी जोडून बूस्ट गेज लावलात आणि गेजची नळी सुटली, तर ईसीयूला खरा बूस्ट दिसत नाही, तो कमी पेट्रोल देतो आणि भर बूस्टमध्ये लीन झालेल्या (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलेल्या) रोटरीचे ॲपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या, एका खेपेत तुटतात. गेजला वेगळे निपल द्या. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरच्या नळीलाही वाटेकरी नको.

झाकण्याआधीच्या चाचण्या

हा टप्पा कुणी टाळू नये.

चेक व्हॉल्व्ह: तोंडाने फुंका. एका बाजूने हवा जावी, दुसऱ्या बाजूने अजिबात नाही. थोडी जरी परत आली तरी बाद. दिशा लक्षात ठेवायला सोपे आहे: व्हॅक्यूम टाकीतून हवा फक्त बाहेर जाते, मॅनिफोल्डकडे. दाबाच्या टाकीत हवा फक्त आत येते. उलटा बसलेला चेक व्हॉल्व्ह म्हणजे टाकी नसल्यातच जमा.

सोलेनॉइड: १२ व्होल्ट देऊन टकटक ऐकू येते का पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका. आवाज करणारे सोलेनॉइडही आतून गळू शकते. वीज नसताना कोणत्या दोन तोंडांमध्ये हवा जाते आणि वीज दिल्यावर कोणत्या, हे फुंकून मॅन्युअलशी ताडून बघा. हाती आहेत तोवर शंका असलेली बदला. ती पुढे बदलायची म्हणजे हे सगळे पुन्हा.

ॲक्च्युएटर: व्हॅक्यूमवर चालणाऱ्यांना हातपंपाने १५ इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम द्या, दांडा हलला पाहिजे आणि एक मिनिट काटा खाली येता कामा नये. टर्बो कंट्रोलच्या ॲक्च्युएटरला दोन निपल आहेत, एका बाजूला दाब आणि दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम असे मिळून तो हलतो, म्हणून दोन्ही बाजू तपासा. याच्या दोन नळ्यांची अदलाबदल ही सगळ्यात सामान्य चूक आहे. दाबावर चालणाऱ्यांना एक बारच्या वर नेऊ नका.

टाक्या: पंप लावून धरतात का ते पाहा. तडा बहुधा निपलच्या मुळाशी असतो.

इथवर आलाच आहात तर इंजेक्टरचे ओ-रिंग, प्रायमरी फ्युएल रेलवरचा पल्सेशन डँपर (इंधनाच्या दाबातले हेलकावे शमवणारा भाग) आणि थ्रॉटलखालच्या कूलंटच्या नळ्याही बघून घ्या. रोटरी माझदांमध्ये जुना पल्सेशन डँपर गळून आग लागण्याचा धोका सर्वज्ञात आहे. त्याभोवती पेट्रोलचा वास किंवा ओल दिसली तर तो बदलल्याशिवाय मॅनिफोल्ड चढवू नका.

वापरात नसलेल्या निपलवर रबरी टोपी लावून मोकळे होऊ नका. उष्णतेने ती वर्षभरात चिरते आणि बूस्टला उडून जाते. सिलिकॉनची टोपी लावून क्लॅम्प आवळा.

चढवणे आणि सुरू करणे

टेप काढा, तोंडांत टॉर्च मारून पाहा, नवे गास्केट ठेवा. मॅनिफोल्ड बसवताना त्याखाली एखादी नळी चिमटत नाही ना हे दोन्ही बाजूंनी बघा. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने, मधून बाहेर असे दोन फेऱ्यांत आवळा. ब्रेक बूस्टरच्या जाड नळीतल्या चेक व्हॉल्व्हचा बाण इंजिनाकडे हवा, नाहीतर पेडल दगडासारखे कडक लागेल. कूलंट भरून हवा नीट काढा. या इंजिनाच्या कूलंट सीलना एकदाचे तापणेही महागात पडते.

सुरू करण्याआधी एअर फिल्टरच्या बाजूचे तोंड बंद करून रेग्युलेटरमधून ०.३ ते ०.५ बार हवा भरा, तेलाची टोपी सैल ठेवा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी मारा. इंजिनातून थोडी हवा सुटते, ते चालायचेच. बुडबुडे कुठे येतात ते पाहा. चालू इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून गळती शोधण्याची पद्धत इतक्या तापलेल्या टर्बोंशेजारी वापरू नये.

आता एकाला चावी फिरवायला सांगून चार्ज कंट्रोलच्या दांड्याकडे आरशात पाहा. इंजिन पेटल्यावर क्षणात तो ओढला गेला पाहिजे. गरम इंजिन आयडलला साधारण १६ ते १८ इंच पारा व्हॅक्यूम दाखवते. कमी असेल, किंवा आयडल वरखाली होत असेल, तर कुठेतरी नळी राहिली आहे.

पहिली फेरी हलक्या पायाने. नंतर मोकळ्या, बंदिस्त ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), तिसऱ्या गिअरमध्ये ३००० आरपीएमपासून पूर्ण थ्रॉटल देऊन गेज बघा. काटा १२ पीएसआयच्या पुढे जाताना दिसला की पाय लगेच उचला.

सुरुवातीलाच बूस्ट कमी असेल तर चार्ज कंट्रोलचा व्हॅक्यूम, रिलीफ झडप आणि प्री-कंट्रोलची गोळी, या क्रमाने बघा. पहिला टर्बो छान, पण ४५०० नंतर बूस्ट कोसळतो आणि परत चढत नाही: टर्बो कंट्रोलच्या दोन नळ्या, दाबाच्या टाकीचा चेक व्हॉल्व्ह आणि संबंधित सोलेनॉइडचे प्लग. पहिल्याच टप्प्यात बूस्ट जास्त: प्री-कंट्रोलची नळी सुटली किंवा गोळी बुजली. बदलानंतर जास्त: तीच गोष्ट वेस्टगेटची. बदलाच्या क्षणी ८ पर्यंतचा उतार हा दोष नाही, तो घालवण्यासाठी काही करू नका.

या सगळ्या कटकटीला कंटाळून काही जण दोन्ही टर्बो एकदम चालवण्याचा मार्ग धरतात, त्यात बहुतेक नळ्या निघूनच जातात. ट्रॅकच्या गाडीला ते ठीक. रस्त्यावर मात्र खालच्या आरपीएमचा जोर जातो, आणि तो जोर हेच या गाडीचे वैशिष्ट्य आहे. नळ्या नीट बसल्या तर मूळ व्यवस्था पुढची कित्येक वर्षे बिनबोभाट चालते.

पाचशे किलोमीटर झाले की बॉनेट उघडून टर्बोजवळच्या नळ्यांचे क्लॅम्प पुन्हा तपासा. नवे सिलिकॉन पहिल्या काही उष्णतांत थोडे बसते आणि क्लॅम्प सैल पडतात. डायग्रामची खुणा केलेली प्रत आणि नळ्यांचे फोटो गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा.